एक अग्निगोल आणि चार साक्षीदार

तृतीय वर्ष कला (इतिहास)

गेल्या थंडीतली गोष्ट. परीक्षा तोंडावर आली होती आणि घरात पाहुणे होते. म्हणून रात्री अकराच्या सुमारास पुस्तक आणि शाल घेऊन मी गच्चीवर गेले. डोंबिवलीच्या गच्चीवरून आकाश दिसते असे म्हणणे थोडे धाडसाचेच. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड वर धुरकट साचून राहतो आणि त्यातून मोजून पंधरा-वीस तारे डोकावतात. माझे लक्षही आकाशाकडे नव्हते. जिन्याच्या खोलीपाशी दिव्याखाली बसून मी फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाठ करीत होते.

एकाएकी पुस्तकाचे पान लख्ख पांढरे झाले. मान वर केली तर निळसर हिरव्या रंगाचा एक गोळा आकाशातून खाली झेपावत होता. मागे नारिंगी शेपटी होती. पौर्णिमेच्या चंद्राइतका उजेड गच्चीवर पडला होता आणि कठड्याची सावली माझ्या पायांवरून सरकत गेली. शेवटी तो एकदा भडकला, त्याचे दोन-तीन तुकडे झाले आणि सारे विझले. आवाज म्हणून काही नाही. खाली एक रिक्षा वळली, कुत्री भुंकू लागली आणि मी पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिले.

लहानपणी आपण सर्वांनीच ‘तारा तुटला’ असे ओरडून मनात काहीतरी मागितले असेल. मला त्या वेळी मागायचे भानही राहिले नाही. जे पाहिले ते कोणाला तरी सांगावे, एवढेच सुचले.

सांगण्याची संधी सकाळीच मिळाली. खाली दुधाच्या पिशव्या घ्यायला आलेल्या मंडळींना मी रंगवून सांगितले की, अग्नीचा गोळा डोक्यावरून गेला, दहा-बारा सेकंद दिसत होता आणि मलंगगडाच्या मागे पडला. आमच्या सोसायटीचे रखवालदार तेथेच उभे होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते शहापूर तालुक्यातले. शाळा चौथीत सुटलेली. ते म्हणाले, “मी बी बघितला. त्या कडुलिंबाच्या शेंड्यावरून निघाला आन् समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर इझला. पाच पावलं टाकली आसतील मी तवर. आन् पोरी, तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यावानी चर्र झालं बघ.”

मी हसले. “काका, आवाज प्रकाशापेक्षा कितीतरी हळू चालतो. वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो ना? तसंच. दिसता दिसता आवाज येणं शक्यच नाही. तुम्हाला भास झाला असेल.”

माझ्याबरोबर आणखी दोघे-तिघे हसले. काका म्हणाले, “आसंल. मला काय कळतंय त्यातलं.” आणि ते झाडांना पाणी घालायला निघून गेले.

वाचकहो, हा लेख त्या हसण्याविषयी आहे.

दुपारपर्यंत आणखी दोन साक्षीदार मिळाले. कल्याणला पारनाक्याजवळ माझी आजी राहते. तिला रात्री झोप येत नाही. ती गॅलरीत बसलेली असते. तिने फोनवर सांगितले, “अगं, मलंगगडाच्या डाव्या अंगाला, बदलापूरकडे पडला तो.” ठाण्याला कोपरीत माझा मामा राहतो. तो उशिराची पाळी संपवून घरी जेवायला बसला होता. त्याचे म्हणणे असे की, गोळा पारसिकच्या डोंगरामागे गेला आणि बहुधा पनवेलच्या रस्त्यावर कोठेतरी पडला असणार. मामाने तर रविवारी स्कूटर काढून शोधायला जायचेही ठरविले होते.

म्हणजे गोळा एक आणि पडण्याच्या जागा तीन! तिघेही खरे बोलणारे. मग खोटे कोण?

या कोड्याचे उत्तर आपण रोज लोकलच्या खिडकीतून पाहत असतो. ठाण्याहून कल्याणला जाताना रुळांलगतचे खांब सपासप मागे जातात. पारसिकचा डोंगर जरा सावकाश मागे पडतो. मलंगगड त्याहून कितीतरी वेळ सोबत करतो. चंद्र मात्र ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्याच खिडकीत बसून येतो. वस्तू जितकी दूर, तितकी ती आपल्या जागा बदलण्याला कमी दाद देते. आपण दोन ठिकाणांहून एकाच वस्तूकडे पाहिले तर दिशेत जो फरक पडतो, त्यावरून ती किती दूर आहे हे काढता येते. याला पराशय म्हणतात.

आता आमच्या तीन साक्षी पाहा. गोळा खरोखर मलंगगडामागे पडला असता, तर ठाण्याच्या मामाला तो पूर्वेकडे झुकलेला दिसायला हवा होता आणि कल्याणच्या आजीला जवळजवळ दक्षिणेला. पण नकाशावर रेघा मारल्या तेव्हा तिघांच्याही दिशा साधारण आग्नेयच निघाल्या. तिन्ही रेघा जवळपास समांतर. याचा अर्थ एकच : तो गोळा लोकलच्या खिडकीतल्या चंद्रासारखा फार दूर होता. प्रत्येकाने त्याला आपापल्या ओळखीच्या शेवटच्या डोंगरामागे नेऊन पाडले होते. डोळ्यांनी दिशा बरोबर सांगितली. अंतर आमच्या मनाने घातले.

मग तो होता तरी किती दूर? हा प्रश्न काही नवा नाही. १७९८ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठातल्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांना तो पडला. उल्का ही ढगांच्या उंचीवरची वाफ, की त्याहून वर घडणारे काही, हेही तेव्हा निश्चित नव्हते. हे दोघे एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर, पुढे सुमारे पंधरा किलोमीटरवर, रात्रीचे बसले आणि दिसलेली प्रत्येक उल्का ताऱ्यांच्या नकाशावर टिपत गेले. दोघांनी एकाच वेळी पाहिलेल्या उल्कांवरून त्यांनी सरासरी उंची काढली, ती नव्वद किलोमीटरच्या आसपास निघाली. ठाणे ते कल्याण जेवढे अंतर आहे साधारण तेवढ्याच अंतरावर बसून, कागद आणि पेन्सिल यांच्या बळावर दोन विद्यार्थ्यांनी हे केले, ही गोष्ट आपण कॉलेजातल्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आमच्याजवळ तशी नोंद नव्हती. शंभर किलोमीटर दूरच्या वस्तूच्या बाबतीत ठाणे आणि कल्याण येथल्या दिशांत फार तर नऊ-दहा अंशांचा फरक पडेल. हात लांब करून मूठ वळली तर ती जेवढे आकाश झाकते, तेवढा. डोंबिवली आणि कल्याण यांत तर जेमतेम दोन-तीन अंशांचा, म्हणजे दोन बोटांइतका. ‘पारसिकच्या मागे’, ‘बदलापूरच्या बाजूला’ अशा बोलण्यात एवढा फरक कसा सापडणार? तेव्हा साक्षीदार हवा होता तो आकाशाला एखादी पक्की खूण लावून बोलणारा.

आणि तसा साक्षीदार आमच्याकडे होता. आम्ही त्याला हसून गप्प केले होते.

हे माझ्या लक्षात आले ते पाचव्या साक्षीदारामुळे. सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा बसविलेला आहे. त्याचे तोंड जमिनीकडे. त्यामुळे अग्निगोल त्यात दिसत नाही. पण त्या वेळचे चित्रण पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. काका फाटकापासून चालत येताहेत. एक, दोन, तीन पावले. मग सारे अंगण उजळते. चौथे पाऊल, पाचवे, आणि ते थबकून वर बघतात. त्यांची सावली, झाडाची सावली, झेंड्याच्या खांबाची सावली, सगळ्या एकदम फिरू लागतात, पश्चिमेकडून वायव्येकडे, आणि फिरता फिरता लांबत जातात. मग अंधार. कॅमेऱ्यातल्या घड्याळाप्रमाणे हे सारे चार सेकंदांत आटोपते.

माझे दहा-बारा सेकंद कोठे गेले? काकांची पाच पावले मात्र ठिकाणावर होती. उजेडात दोन आणि उरलेला वेळ थबकून.

आमच्या भूगोलाच्या बाईंना हे दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, सावलीच सांगेल.” १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा पाषाण येऊन फुटला, तेव्हाही चौकातल्या कॅमेऱ्यांत दिसणाऱ्या सावल्यांवरून त्याचा मार्ग पहिल्यांदा अजमावला गेला होता. आम्ही तेच केले. चित्र थांबवून पाहिले तर विझण्याच्या क्षणी खांबाच्या सावलीचे टोक गटाराच्या झाकणाच्या कडेवर होते. टेपने मोजले, आठ मीटर. खांबाची उंची काढायला एक मीटरची काठी उन्हात उभी केली आणि दोन्ही सावल्यांचे प्रमाण घेतले. खांब चार मीटरचा निघाला. सावली खांबाच्या दुप्पट, म्हणजे गोळा विझला तेव्हा क्षितिजापासून सुमारे २७ अंश वर होता. दिशा होकायंत्राने घेतली : आग्नेय. मग मी काका चालत होते त्या जागी उभी राहिले आणि वर पाहिले. समोर, अगदी त्याच रेषेत, पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

माझे ‘डोक्यावरून गेला’ हेही त्याच क्षणी निकालात निघाले.

आता थोडे गणित. मोठे अग्निगोल साधारणपणे जमिनीपासून तीस ते पन्नास किलोमीटर उंचीवर फुटतात किंवा विझतात. मधला आकडा चाळीस धरला, तर २७ अंशांवर दिसणारा गोळा आपल्यापासून जमिनीवर मोजून ऐंशी किलोमीटर अंतरावरच्या गावाच्या डोक्यावर असतो. डोंबिवलीहून आग्नेयेला ऐंशी किलोमीटर म्हणजे घाट ओलांडून तळेगाव दाभाडे! मामाला हे सांगितले तेव्हा त्याने स्कूटर पुन्हा आत लावली.

तळेगावच्या डोक्यावर म्हणजे तळेगावात पडला, असेही नाही. येथे तीन शब्दांचा खुलासा करायला हवा. अवकाशातून आलेला कण वातावरणात शिरला की जी प्रकाशाची रेघ दिसते ती उल्का. हे कण बहुतेक वाळूच्या कणापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे असतात. उल्का शुक्रापेक्षाही तेजस्वी असेल तर तिला अग्निगोल म्हणतात. आणि सगळे सोसूनही जो तुकडा जमिनीवर पोचतो त्याला अशनी म्हणतात. उल्का पुष्कळ, अग्निगोल थोडे आणि अशनी फारच विरळा.

कणाएवढ्या वस्तूचा एवढा उजेड पडतो तो वेगामुळे. हे कण सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात. सेकंदाला वीस किलोमीटर एवढाच वेग धरला तरी ज्या प्रवासाला लोकलला अर्धा तास लागतो तो ठाणे ते कल्याण प्रवास एका सेकंदात! अशा वेगापुढे हवेला बाजूला सरायला सवड मिळत नाही. ती पुढच्या पुढे दाबली जाते, हजारो अंश तापते आणि दगडाचा पृष्ठभाग वितळवून उधळून देते. दगडातल्या मॅग्नेशियममुळे निळसर हिरवी झाक येते, सोडियममुळे पिवळी-नारिंगी. शिवाय तापलेल्या हवेचा स्वतःचा रंग असतोच. पुढे हवेच्या विरोधाने वेग सेकंदाला तीनएक किलोमीटरपर्यंत उतरला की प्रकाश बंद होतो. उरलेला तुकडा मग काळोखातच, वरून टाकलेल्या दगडासारखा, काही मिनिटांनी खाली येतो. म्हणून ‘जळत जळत डोंगरामागे पडला’ असे जो सांगतो त्याने क्षितिजाखाली गेलेला दूरचा अग्निगोल पाहिलेला असतो. माझीही गोष्ट तीच.

येथवर मी भौतिकशास्त्राच्या अंगणात बरीच लुडबुड केली. आता आपल्या घरी, इतिहासाकडे येते. कारण दगड आकाशातून पडतात हे शास्त्राने मान्य केले ते दुर्बिणीतून पाहून नव्हे, तर साक्षी तपासून. आणि त्याआधी बराच काळ त्याने साक्षीदारांना हसण्यात घालविला.

१७६८ साली फ्रान्समध्ये लूसे या गावी शेतात काम करणाऱ्या लोकांनी दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने चौकशी नेमली. तिच्यात थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. १७७२ च्या अहवालात निर्णय दिला गेला की, हा जमिनीवरचाच, वीज पडलेला दगड असावा. खेडुतांना भास झाला! ज्या राज्यक्रांतीची कारणे मी गच्चीवर पाठ करीत होते, तिच्या आधीच्या दोन दशकांतली ही गोष्ट.

१७९४ साली अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन गृहस्थाने एक लहानसे पुस्तक लिहून सांगितले की, अग्निगोल आणि पडणारे दगड ही एकाच गोष्टीची दोन रूपे असून ती अवकाशातून येतात. गंमत अशी की, क्लाडनीचे शिक्षण कायद्याचे झाले होते. त्याने कोर्टात तपासाव्यात तशा जुन्या साक्षी तपासल्या. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे जर तपशीलवार एकच गोष्ट सांगत असतील, तर ती सगळी खोटी कशी? विद्वानांनी आरंभी त्याचीही थट्टाच केली.

पुढे निकालाला मदत झाली ती आपल्याच देशातून. १९ डिसेंबर १७९८ रोजी संध्याकाळी बनारसजवळ क्राखुत गावाच्या परिसरात अग्निगोल दिसला आणि दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रज गृहस्थाने लोकांच्या हकीकती आणि दगड दोन्ही गोळा केले. लंडनमध्ये एडवर्ड हॉवर्डने १८०२ साली या दगडांचे आणि युरोपातल्या काही दगडांचे रासायनिक पृथक्करण केले. हजारो मैलांवरच्या या दगडांतल्या लोहकणांत निकेल सापडले. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समध्ये लेगल येथे दोन-तीन हजार दगडांचा पाऊस पडला. या वेळी अकादमीचा तरुण शास्त्रज्ञ बियो स्वतः गावोगाव फिरला, सर्व थरांतल्या माणसांशी बोलला आणि त्यांची साक्ष दगडांशी ताडून पाहिली. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

असाच उपयोग आपल्याकडेही झालेला आहे. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातमध्ये सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाला येथे अग्निगोल फुटून दगड विखुरले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या वर्णनांवरून त्या पाषाणाच्या मार्गाचा व सूर्याभोवतीच्या पूर्वीच्या कक्षेचा अंदाज बांधला. आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी तर भर दुपारी दगड पडले. साक्षीदार मुळीच नसेल तर काय होते ते लोणारला दिसते. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद कित्येक वर्षे चालला. १९७३ साली तेथल्या दगडांत प्रचंड धक्क्याच्या खुणा असल्याचे प्रसिद्ध झाले तेव्हा आघाताचा पक्ष भक्कम झाला. तेथे साक्ष दगडालाच द्यावी लागली.

साक्ष नेहमी खरीच असते, असे मात्र मला म्हणायचे नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भ भागात हजारो लोकांनी आकाशातून जळत्या ठिपक्यांची रांग जाताना पाहिली. अनेकांना तो उल्कावर्षाव वाटला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी मात्र सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले मिळाले. आधल्या वर्षी सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो उरलेला टप्पा वातावरणात परतत होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. लोकांनी पाहिले ते खरेच होते. नाव चुकले होते. पण त्यांनीच सांगितलेल्या ‘सावकाश चालला होता, बराच वेळ दिसत होता’ या तपशिलाने खरे नाव सापडते. उल्का काही सेकंदांत संपते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असते, म्हणून ती आकाश ओलांडायला मिनिटभर घेते. तेव्हा साक्षीदाराचा निष्कर्ष बाजूला ठेवावा. त्याचा तपशील टाकून देऊ नये.

आणि हाच नियम मी काकांच्या बाबतीत मोडला होता.

‘चर्र’ आवाजाविषयी मी वाचत गेले तसतशी ओशाळत गेले. १७१९ साली इंग्लंडवरून एक मोठा अग्निगोल गेला. धूमकेतूच्या नावाने आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने ठिकठिकाणच्या लोकांची वर्णने जमवून त्याची उंची काढली. कित्येकांनी त्याला सांगितले की, गोळा दिसत असतानाच सूं-सूं असा आवाज आला. हॅलीने हिशेब केला : एवढ्या दुरून आवाज त्याच क्षणी येणे शक्य नाही, सबब हा कल्पनेचा खेळ. दिशा सांगणारी माणसे त्याला विश्वासार्ह वाटली. तीच माणसे आवाजाविषयी बोलू लागली की भ्रमिष्ट ठरली. माझा युक्तिवाद शब्दशः हाच होता, तीनशे वर्षे जुना.

हॅलीचे गणित चूक नव्हते. आमचा गोळा नव्वद किलोमीटर दूर विझला असेल तर त्याचा स्फोटनाद डोंबिवलीला पोचायला साडेचार मिनिटे लागतील, आणि पोचेपर्यंत तो बहुधा विरूनही जाईल. पण आवाज तेथूनच यायला हवा, हे कोणी सांगितले? २०१७ साली अमेरिकन आणि झेक संशोधकांनी एक उपपत्ती मांडली. मोठ्या अग्निगोलाचा प्रकाश एकसारखा नसतो. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा कमीजास्त होतो. असा लुकलुकणारा तीव्र प्रकाश पाने, केस, गडद रंगाचे कापड यांवर पडला की त्यांचा पृष्ठभाग त्याच तालात किंचित तापतो आणि निवतो. लगतची हवा त्याबरोबर थरथरते आणि कानाजवळच्या कानाजवळ बारीक आवाज उमटतो. प्रकाश आला त्याच क्षणी! त्यांनी प्रयोगशाळेत अशा वस्तूंवर प्रकाश टाकून असे आवाज मोजले. यासाठी अग्निगोल पूर्ण चंद्राच्या जोडीचा तेजस्वी हवा आणि भोवताली शांतता हवी. त्याआधी १९८० साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन के यांनी रेडिओलहरींच्या आधारे दुसरी उपपत्ती मांडली होती. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण ‘भास’ म्हणून तो आता कोणी मोडीत काढत नाही.

चित्रण पुन्हा पाहिले. थंडीमुळे काकांनी डोके आणि कान काळ्या मफलरीने गुंडाळलेले होते. हातभर अंतरावर कडुलिंबाच्या खालच्या फांद्या होत्या. मी वर गच्चीवर उघड्या कठड्याशी होते आणि खाली रिक्षा वळली ती नंतर. आमच्या कॅमेऱ्यात आवाज टिपला जात नाही. म्हणून काकांचे म्हणणे सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. पण दिशेत, वेळेत आणि जागेत जो माणूस आम्हा चौघांत सर्वांत अचूक ठरला, त्याच्या पाचव्या वाक्याला मी कोणत्या आधाराने खोटे म्हटले? आधार एकच होता. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ते चौथी शिकलेले होते.

एका संध्याकाळी फाटकापाशी त्यांना हे सगळे सांगितले. कॅमेऱ्याचे, टाकीचे, मफलरीचे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी त्या दिशी मी सांगत हुतो ते खोटं नव्हतं.”

“नव्हतं, काका. मीच चुकले. मी हसायला नको होतं.”

“हसलीस त्याचं काय न्हाय गं. पण मला बी वाटाया लागलं हुतं, की ऐकलंच न्हाय.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. साक्षीदाराला हसले की तो नुसता गप्प होत नाही. त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडतो. लूसे गावच्या शेतकऱ्यांना काय वाटले असेल, याची नोंद कोठल्याही अहवालात नाही.

मित्रहो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्या हाती प्रयोगशाळा नाही, पण बखरी, पत्रे, आठवणी, लोककथा यांच्यात आपण दिवसरात्र साक्षीच वाचत असतो. कोणाचे किती खरे मानायचे, हा आपला रोजचा प्रश्न. तेव्हा तुमच्यापैकी कोणाला असा अग्निगोल दिसला तर एवढे करा. आहात तेथेच उभे राहा. तो कोठे दिसू लागला आणि कोठे विझला, ते झाड, खांब, गच्ची अशा खुणांना लावून ठेवा. मनात आकडे मोजा किंवा पावले आठवा. पुढची पाचसात मिनिटे आवाजाकडे कान ठेवा. रंग, तुकडे, वेळ लिहून काढा, आणि तेही दुसऱ्याची हकीकत ऐकण्यापूर्वी. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे अशा नोंदी सामान्य माणसेच पाठवितात. ज्यांना शहरी उजेडाचा कंटाळा आला असेल त्यांनी डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतल्या उल्का पाहायला वांगणीसारख्या काळोख्या जागी एखादी रात्र काढावी. ऑगस्टमधल्या ययातीच्या उल्का आपल्याकडे बहुधा पावसाळी ढगांतच जातात.

आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाने काही पाहिले, काही ऐकले म्हटले, तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माझ्या वहीत आता त्या रात्रीची नोंद आहे. पहिल्या ओळीत माझे दहा-बारा सेकंद खोडलेले आहेत. त्याखाली काकांची पाच वाक्ये आहेत, त्यांनी सांगितली तशी, चर्र या शब्दासकट.